गांजाचं मेडिकल टाकायचंय म्हणता? मग आधी हे वाचा

मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला शटर अर्धं खाली ओढलेलं आणि कोरेगावहून जावेच्या भावाचा फोन. "ताई, ते अमेरिकेत मेडिकल गांजाची दुकानं असत्यात ना, तसलं लायसन आता आपल्याकडं निघालंय म्हणं. साताऱ्यात पहिलं आपलंच टाकू. एक जण पस्तीस हजारात काढून देतोय." मी म्हटलं दादा, पैसे दिले नाहीत ना अजून? तर म्हणे फक्त पाच हजार टोकन दिलंय. म्हटलं ते देवाला वाहिलं समजा आणि बाकीचे तीस खिशातच ठेवा.

त्यानंतर पंधरा दिवसांत अजून तिघांनी हेच विचारलं, त्यातला एक मिरजेचा, चांगला डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) झालेला पोरगा. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढते, परत परत फोनवर तेच सांगण्यापेक्षा. मी काही वकील नाही, गेली १९ वर्षं साताऱ्यात मेडिकल चालवते, फार्मासिस्ट स्वतःच आहे, आणि लायसनचे अर्ज स्वतःचा एक आणि नात्यातल्यांचे दोन असे तीनदा भरलेत, त्यातनं जे कळलं ते सांगते.

पहिली गोष्ट, आणि ही कळली तर तुमचे पस्तीस हजार वाचले. "मेडिकल कॅनाबिस फार्मसी" नावाचा परवाना महाराष्ट्रात नाही. भारतात कुठंच असा वेगळा परवाना नाही. त्यामुळं जो कोणी तुम्हाला तो काढून देतो म्हणतोय तो तुम्हाला काहीतरी दुसराच कागद देणार, बहुतेक शॉप अॅक्टची पावती नाहीतर फूडचं रजिस्ट्रेशन, लॅमिनेशन करून.

हे खूळ येतं कुठनं तर अमेरिकेतल्या रील्समधनं. तिकडचं सगळं राज्यावर आहे. कॅलिफोर्नियानं १९९६ ला सुरुवात केली, मग एकेक राज्य येत गेलं आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. कनेक्टिकटमध्ये २०१२ च्या कायद्यानं असं दुकान चालवायला लायसन असलेला फार्मासिस्टच लागतो, काही राज्यांत फार्मासिस्टचा संबंधच नाही. आणि तिकडं डॉक्टर गांजाचं प्रिस्क्रिप्शन लिहीत नाहीत, त्यांचा केंद्राचा कायदा आडवा येतो म्हणून, ते फक्त "या पेशंटला हा आजार आहे" असं सर्टिफिकेट देतात आणि त्यावर पेशंटचं कार्ड निघतं. जर्मनीनं २०१७ ला कायदा करून सरळ नेहमीच्या मेडिकलमधनंच चिठ्ठीवर द्यायला सुरुवात केली. आपल्याकडं यातलं काहीच जसंच्या तसं लागू होत नाही, त्यामुळं तिकडच्या वेबसाइटवरनं चेकलिस्ट छापून आणू नका (मिरजेच्या पोरानं खरंच आणलेली, चौदा पानं, कलर प्रिंट).

आपला कायदा म्हणजे १९८५ चा एनडीपीएस, नशेच्या पदार्थांवरचा केंद्राचा कायदा. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, फळं धरलेले शेंडे. चरस म्हणजे चीक. आणि बी आणि पानं, शेंडा बरोबर नसेल तर, गांजाच्या व्याख्येतनं बाहेर. आपण जिला भांग म्हणतो ती पानांची, म्हणून ती या कायद्यातनं सुटते. हा एवढासा फरक नीट डोक्यात बसवा कारण पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे. औषधासाठी आणि संशोधनासाठी परवानगी देता येते असं कायद्यात लिहिलंय, राज्य सरकारला कलम १० खाली नियम करायचा अधिकारही आहे, पण अधिकार आहे म्हणजे दुकानाचा परवाना निघालाय असं होत नाही. उत्तराखंडनं २०१८ ला हेंप (गांजाच्याच झाडाची कमी नशेची जात) लावायचं लायसन दिलं ते धाग्यासाठी आणि बियांसाठी, ०.३ टक्क्याच्या आत टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेल्या जातीचं. त्या बातमीवर आपल्या माण-खटावात कुणी उसात चार झाडं लावली तर ते लायसन दाखवून सुटका नाही. लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे, झाडं चार असोत का चाळीस.

भांग एनडीपीएसमध्ये नाही म्हणून उड्या मारू नका, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, त्यात परवान्याशिवाय भांग बनवणं, बाळगणं, वापरणं सगळ्यावर बंदी आहे. युपी-राजस्थानात भांगेचे सरकारमान्य ठेके असतात, तिकडं फिरायला गेलेली माणसं फोटो काढून आणतात आणि मग इथं वाद घालतात.

मग करायचं काय? रस्ता एकच आहे. साधं, नेहमीचं मेडिकल नीट कायद्यात बसवून काढा, आणि त्याच दुकानात एक कप्पा विजयाच्या आयुर्वेदिक औषधांचा, कागदपत्रं चोख ठेवून. विजया म्हणजे भांगच, आयुर्वेदातलं नाव. बोर्डावर गांजाचं पान काढायची हौस असेल तर ती सोडा.

आता मेडिकलचं लायसन. हे अन्न व औषध प्रशासन देतं, आपण एफडीए म्हणतो ते. साताऱ्याला वेगळं ऑफिस आहे, सांगलीला वेगळं, दोन्हीकडं सहायक आयुक्त (औषधे) सही करतात. मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. अर्ज फॉर्म १९ मध्ये, ऑनलाइन, आणि मिळतात ती लायसन दोन, फॉर्म २० आणि फॉर्म २१. २० म्हणजे साधी औषधं, २१ म्हणजे लसी, सीरम, इन्शुलिन, इंजेक्शनं वगैरे शेड्यूल (म्हणजे नियमातली यादी) सी आणि सी-वन मधली. रिटेलवाला दोन्ही एकदमच काढतो. होलसेलचं २०-बी आणि २१-बी. आणि २०-ए, २१-ए म्हणून एक छोटं लायसन असतं, फार्मासिस्ट नसलेल्यांसाठी, त्यात डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं विकता येत नाहीत, तुमच्या कामाचं नाही.

जागा. इथंच निम्मी माणसं अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगते. नियम आहे किमान १० चौरस मीटर. होलसेल आणि रिटेल एकत्र करायचं असेल तर १५. आता आपल्याकडं गाळा म्हटलं की "दहा बाय दहा", सगळे बिल्डर तेच बांधतात, आणि दहा बाय दहा फूट म्हणजे १०० स्क्वेअर फूट म्हणजे ९.२९ चौरस मीटर. बसत नाही! नापास. १० चौरस मीटरला साधारण १०८ स्क्वेअर फूट लागतात आणि तेही आतनं मोजून, भिंती सोडून. पोटमाळा धरत नाहीत. मी माझा पहिला गाळा बघितला तेव्हा मालक शपथेवर सांगत होते मॅडम एकशेवीस आहे, अॅग्रीमेंटलापण एकशेवीसच लिहिलेलं, मी आपली टेप घेऊन गेले तर आतनं भरला १०१. बाकीचं काय तर भिंतीची जाडी, शटरपुढची पायरी आणि वर जाणाऱ्या जिन्याखालचा तिकोनी कोपरा, ज्यात मी सुद्धा वाकून उभी राहू शकत नव्हते. तर अॅडव्हान्स द्यायच्या आधी स्वतः टेपनं मोजा, मीटरमध्ये मोजा, फूट करून परत मीटर करायच्या भानगडीत चुका होतात. दहा बाय अकरा असेल तर १०.२२ येतं, काठावर पास.

जागा पक्की झाली की नकाशा काढून घ्या, इंजिनिअरकडनं, मोजमापं लिहून, आजूबाजूला काय आहे ते दाखवून. मालकीची असेल तर उतारा किंवा घरपट्टीची पावती, ग्रामपंचायत हद्दीत असेल तर नमुना ८, भाड्याची असेल तर रजिस्टर केलेला भाडेकरार आणि मालकाचे कागद. गाळा वडिलांच्या नावावर असेल तरी संमतीपत्र लागतंच, "घरचंच आहे हो" हे ऑफिसात चालत नाही. फ्रिज पाहिजे आणि त्याचं बिल पाहिजे, २ ते ८ डिग्रीत राहणारा, आणि आत थर्मामीटर. घरचा जुना फ्रिज आणून ठेवला तर बिल कुठनं आणणार? आणि त्या फ्रिजमध्ये दुधाची पिशवी, डबा, थम्सअपची बाटली ठेवायची नाही. इन्स्पेक्टर पहिला फ्रिजच उघडतात. आपल्याकडं वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर आधीपासनं धरून चला.

आता माणसांचे कागद. लायसन ज्याच्या नावानं निघणार त्या दुकानमालकाचे फोटो, आधार, पॅन, पार्टनरशिप असेल तर डीड, मालकाचं आणि फार्मासिस्टचं शपथपत्र, फार्मासिस्टचं नेमणूक पत्र आणि त्यानं ते स्वीकारल्याचं पत्र, आधी कुठं कामाला असेल तर तिथनं सोडल्याचा कागद. हा शेवटचा कागद लक्षात ठेवा. माझ्या दिराच्या वेळेला फार्मासिस्टनं जुनी नोकरी सोडलेली पण त्या दुकानदारानं एफडीएला कळवलंच नव्हतं, म्हणजे कागदावर तो माणूस एकाच वेळी दोन दुकानांत उभा, आणि आमचा अर्ज तीन आठवडे तसाच लटकला.

कागद स्कॅन करताना मोबाइलवर तिरके फोटो काढून टाकू नका. त्रुटी निघाली की अर्ज परत येतो आणि नंबर परत मागं.

मग एक दिवस ड्रग इन्स्पेक्टर जागा बघायला येतात. त्या दिवशी फार्मासिस्ट दुकानात हजर पाहिजे, रॅक, काउंटर, फ्रिज, बोर्ड सगळं लागलेलं पाहिजे, पण औषध एकही नको. लायसन हातात यायच्या आधी एक पट्टी जरी विकली तर तो विनापरवाना विक्रीचा गुन्हा, आणि त्याला शिक्षा किमान ३ वर्षांपासनं ५ वर्षांपर्यंत आणि दंड १ लाखापासनं वर. उद्घाटनाला आमदार बोलावलेत म्हणून आदल्या दिवशी माल भरून ठेवणारे मी बघितलेत. थांबा की चार दिवस.

लायसन आलं की ते आता दर पाच वर्षांनी नवीन करावं लागत नाही, २०१७ च्या ऑक्टोबरपासनं नियम बदलला, रद्द होत नाही तोवर चालू, फक्त दर पाच वर्षांनी रिटेन्शन फी भरायची. ती तारीख घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा, पाच वर्षं हा काळ विसरायला अगदी बेतात बसतो.

बोर्डाबद्दल एक गंमत. दुकानाला "फार्मसी" म्हणायचं का "केमिस्ट अँड ड्रगिस्ट" हे पण नियमात आहे. फार्मासिस्ट आहे पण तुम्ही औषध स्वतः मिसळून बनवून देत नाही तर "केमिस्ट अँड ड्रगिस्ट". मिश्रण बनवायची सोय ठेवली असेल तरच "फार्मसी". आता हे किती जण पाळतात ते पोवई नाक्यापासनं राजवाड्यापर्यंत बोर्ड वाचत जा, कळेल.

शॉप अॅक्ट, जीएसटी वगैरे सीए करून देतो, दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर शॉप अॅक्टला नुसतं ऑनलाइन कळवायचं असतं, त्याचं टेन्शन नको.

फार्मासिस्टबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानं चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टच देऊ शकतो, किंवा त्याच्या डोळ्यांसमोर दिलं गेलं पाहिजे. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन पाहिजे, चालू पाहिजे, सर्टिफिकेट दुकानात दिसेल असं लावलेलं पाहिजे, अंगात पांढरा कोट आणि नावाची पट्टी. डी.फार्म दोन वर्षांचं, बी.फार्म चार. डी.फार्मवाल्यांना २०२२ च्या नियमांनी रजिस्ट्रेशनच्या आधी एक्झिट परीक्षापण आलीय. आणि आपल्याकडची जुनी खोड म्हणजे सर्टिफिकेट भाड्यानं घेणं. पोरगी लग्न होऊन पुण्याला गेलेली असते आणि तिचं सर्टिफिकेट इथं भिंतीवर टांगलेलं. महिन्याला चार पैसे तिला, बाकी दुकान मालकाचा भाचा चालवतो. तपासणीला फार्मासिस्ट गैरहजर सापडला की लायसन सस्पेंड, आणि दुसऱ्यांदा सापडलं की रद्दपर्यंत जातं, आणि पोरीचं रजिस्ट्रेशन अडचणीत येतं ते वेगळंच. विजयाचं काही ठेवायचा विचार असेल तर हे अजिबात करू नका, कारण असल्या दुकानाकडं डोळे जास्त असतात.

कोरेगावच्या दादांची मुलगी बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे कराडला. म्हटलं दादा, पस्तीस हजार त्या माणसाला देण्यापेक्षा वर्षभर कळ काढा, तुमचा फार्मासिस्ट घरातच तयार होतोय.

बरं, आता नशेच्या यादीतली औषधं, कारण "आम्ही गांजा ठेवणार नाही, बाकी गोळ्या ठेवू" म्हणणाऱ्यांना वाटतं यातनं सुटलो. शेड्यूल एच-वन, म्हणजे जास्त कडक नोंदी लागणाऱ्या औषधांची यादी, २०१४ च्या १ मार्चपासनं लागू आहे. यातलं औषध विकलं की वेगळ्या रजिस्टरला नोंद, डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. अल्प्राझोलाम, ट्रामाडोल, कोडीनचं कफ सिरप हे यातच येतं. ट्रामाडोल तर २०१८ पासनं एनडीपीएसच्या यादीतपण गेलंय, म्हणजे बिलाशिवायचा स्टॉक सापडला तर विषय एफडीएचा राहत नाही, पोलिसांचा होतो. शेड्यूल एक्ससाठी, म्हणजे केटामाइन, मिथाइलफेनिडेट असली औषधं, वेगळं लायसन लागतं २०-एफ, चिठ्ठी दोन प्रतीत, एक आपल्याकडं २ वर्षं ठेवायची, आणि औषध कुलपात. साध्या दुकानानं या वाटेला जाऊच नये असं माझं मत, महिन्यातनं दोन गिऱ्हाईकं आणि कागद पोतंभर.

माझी स्वतःची चूक सांगते. एका दिवाळीच्या आठवड्यात गर्दीत एच-वनच्या अकरा नोंदी राहिल्या. बिलं होती, चिठ्ठ्यांचे फोटो होते, रजिस्टर तेवढं कोरं. पाडव्यानंतर लिहू म्हटलं आणि विसरले. तपासणी आली जानेवारीत, त्यांनी कॉम्प्युटरवरची विक्री आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं, पाच मिनिटांत अकराच्या अकरा सापडल्या. कारणे दाखवा नोटीस, खुलासा, आणि तीन दिवस शटर बंद. नोटिशीपेक्षा त्या बंद शटरपुढनं माणसं काय काय बोलत गेली ते जास्त लागलं. तेव्हापासनं रजिस्टर काउंटरवरच असतं, दोरीनं पेन बांधून, औषध पिशवीत जायच्या आधी नोंद.

मॉर्फिनबद्दल पण विचारतात लोक, विशेषतः घरात कॅन्सरचा पेशंट असला की. त्याचा रस्ता वेगळा आहे. २०१४ ला एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती करून अत्यावश्यक मादक औषधं अशी वेगळी यादी केली, त्यात सहा आहेत, मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन. आधी याला चार-पाच परवाने वेगवेगळ्या खात्यांतनं लागायचे, आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडनं मान्यता मिळालेली हॉस्पिटलं ते ठेवू शकतात. या सहांत गांजा नाही. कुणी त्या नियमाचा कागद पुढं करून "हेच ते मेडिकल गांजाचं लायसन" म्हणाला तर त्याला यादी वाचून दाखवायला सांगा.

आता येऊ विजयाच्या कप्प्याकडं, ज्यासाठी तुम्ही एवढं वाचत आलात.

आयुर्वेदिक औषध विकायला सेल लायसन लागत नाही. बनवायला लागतं, फॉर्म २५-डी. म्हणजे तुम्ही विक्रेते असाल तर तुमचं सगळं संरक्षण बनवणाऱ्याच्या कागदात आहे, आणि म्हणून तो कागद तुमच्या फाइलमध्ये पाहिजे. भांग असलेली जुनी शास्त्रोक्त औषधं आहेतच, जातीफलादि चूर्ण घ्या, मदनानंद मोदक घ्या, आपल्या गावाकडचे वैद्य वर्षानुवर्षं देत आलेत. नवीन आलंय ते तेलं, कॅप्सूल, थेंब, झोपेसाठी आणि दुखण्यासाठी, पॅकिंग एकदम झकास.

बाटली हातात घ्या आणि उलटी करून वाचा. आयुर्वेदिक औषध असं लिहिलंय का, उत्पादन लायसन नंबर आहे का, बॅच, तारीख, घटक आणि त्यांचं प्रमाण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भांग ही शेड्यूल ई-वन मध्ये, विषारी घटकांच्या यादीत आहे, म्हणजे वचनाग, धोतरा, कुचला, अफू यांच्या रांगेत. त्या यादीतलं काही पोटात घ्यायच्या औषधात असेल तर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" ही सावधगिरीची सूचना इंग्रजी आणि हिंदी दोन्हीत छापावी लागते. मागं एक एजंट माझ्याकडं तेल घेऊन आला, सोनेरी झाकण, बाटलीवर पान, मार्जिन चाळीस टक्के म्हणाला. मी चष्मा लावून लेबल तीनदा वाचलं, ती सूचना कुठंच नाही, लायसन नंबरच्या जागी फूडचा चौदा आकडी नंबर. म्हटलं दादा हे औषध आहे का खायचं तेल? तर म्हणे मॅडम दोन्हीत चालतं. दोन्हीत चालतं म्हणजे एकातही चालत नाही. चहा पाजून परत पाठवला.

कंपनीकडनं मी हे मागते, 25-डीची झेरॉक्स, त्या औषधाला मिळालेल्या मंजुरीची प्रत, त्या बॅचचा अॅनालिसिस रिपोर्ट ज्यात टीएचसी आणि सीबीडी (याच झाडातला, नशा न आणणारा घटक) किती ते आकड्यात लिहिलंय, आणि कच्चा माल पानांचा आहे, परवानाधारकाकडनं घेतलाय याचा कागद. फुलोऱ्यापासनं काढलेलं असेल तर ते गांजात गेलं, मग त्यावर आयुर्वेदिक लिहा नाहीतर अमृत लिहा. हे चार कागद जी कंपनी दोन दिवसांत मेल करते तिच्याशी व्यवहार करा, जी "माल पाठवतो, कागद मागनं येतील" म्हणते तिला नमस्कार. माल बिलावरच, बिलावर बॅच नंबर, पैसे बँकेतनं.

आणि माल मागवायच्या आधी दोन अर्ज द्या. एक एफडीएच्या सहायक आयुक्तांना, एक राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांना, कारण भांग म्हटलं की ते खातं आलंच. अर्जात औषधाचं नाव, कंपनी, लायसन नंबर, आणि मी हे वैद्यांच्या चिठ्ठीवर विकणार आहे, काही हरकत किंवा अट असेल तर कळवावी, एवढंच साध्या मराठीत. आवक शिक्का मारलेली पोच घ्या आणि लेखी उत्तर येईपर्यंत माल मागवू नका. तोंडी "काय होत नाही हो" ला काडीची किंमत नाही. बदली झाली की ते बोलणारे साहेब गेले, शिक्का राहतो. मला दोन चकरा जास्त माराव्या लागल्या, पण आज माझ्या फाइलमध्ये पहिलं पान तेच आहे.

विकताना चिठ्ठी घ्या, रजिस्टर्ड बीएएमएस डॉक्टरची. आयुर्वेदिकला चिठ्ठी कशाला म्हणून गिऱ्हाईक भांडतं, भांडू दे. मी एक दोनशे पानी वही केलीय, तारीख, पेशंट, वय, डॉक्टर, औषध, बॅच, आणि शेवटचा रकाना "अजून कुठल्या गोळ्या चालू". हा रकाना कायद्यानं सांगितलेला नाही, माझा आहे, आणि तोच सगळ्यात कामाचा. सीबीडीमुळं फिटच्या क्लोबाझामचा अंमल वाढतो, वॉरफेरिन घेणाऱ्यांचं रक्त जास्त पातळ होऊ शकतं, झोपेच्या गोळीवर हे घेतलं तर सकाळी गाडी चालवणं धोक्याचं. माहुलीकडच्या एका आजोबांना मुलगा तेल न्यायला आलेला गुडघ्यासाठी, चिठ्ठी पण होती, रकाना भरताना म्हणाला वॉरफेरिन चालू आहे, झडपेचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांना तिथनंच फोन लावला, त्यांना वॉरफेरिनचं सांगितलंच नव्हतं कुणी. तेल दिलं नाही. १८ वर्षांखालच्यांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना मी देतच नाही, आणि ट्रक-एसटी चालवणाऱ्यांना आधी डॉक्टरांशी बोलून.

कप्पा कुलपाचा ठेवा, काउंटरमागं. कॅमेरा लावा. गुरांची औषधं ठेवत असाल, आपल्याकडं ठेवावीच लागतात, तर ती वेगळ्या कपाटात, "माणसांसाठी नाही" अशी चिठ्ठी लावून, हे पण नियमात आहे.

बियांचं काय? हेंपच्या बिया आणि बियांचं तेल २०२१ पासनं एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्यानं, खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलंय, बियांत टीएचसी किलोला ५ मिलिग्रॅमच्या आत आणि तेलात १० च्या आत. विकायला फूडचं रजिस्ट्रेशन. पण मग ते खाणं झालं, औषध नाही, त्यावर "झोप येते, दुखणं जातं" म्हणायचं नाही. चटणीला बरी लागतात, उत्तराखंडात करतात तशी.

जाहिरातीत सांभाळा. १९५४ च्या कायद्यानं कॅन्सर, डायबेटिस, फिट या आणि अशा बऱ्याच आजारांवर "हमखास बरं करतो" असली जाहिरात करता येत नाही, मग ती पेपरात असो, रिक्षावर असो का व्हॉट्सॅप स्टेटसला. माझ्या एका ओळखीच्यांनी हौसेनं दुकानाबाहेर फ्लेक्स लावला "कॅन्सरवर विजय, विजया", यमक जुळलं म्हणून खूश होते. चार दिवसांत उतरवावा लागला, नोटीस आली ती वेगळी.

आणि धंद्याचं म्हणाल तर, माझ्याकडं या कप्प्याचं महिन्याचं गिऱ्हाईक बोटावर मोजण्याएवढं आहे. दुकान चालतं ते बीपी-शुगरच्या गोळ्यांवर, लहान पोरांच्या सिरपवर आणि पावसाळ्यात तापाच्या औषधांवर. विजयाच्या जिवावर गाळ्याचं भाडं निघेल असं गणित कुणी मांडत असेल तर त्यानं परत मांडावं.

दादांना हे सगळं सांगितल्यावर ते दोन दिवस गप्प होते. मग परवा फोन आला, टेप घेऊन गाळ्यातच उभे होते, मागं पोरगी मापं ओरडून सांगत होती. "ताई, नऊ फूट आठ इंच बाय अकरा फूट भरतंय, बसतंय का बघ." मी कॅल्क्युलेटरवर केलं, ९.८८. म्हटलं नाही बसत दादा, थोडक्यात गेलं. तर म्हणतात, "प्लास्टर खरडलं तर?" म्हटलं प्लास्टर राहू द्या, शेजारचा गाळा मोकळा आहे का तेवढं मालकाला विचारा.